बोडीखालच्या बांधीची माती

माती कधी खोटं बोलत नाही, असं सत्कार समारंभात म्हणायची पद्धत आहे. म्हणणाऱ्याने एकदा माझ्या प्रयोगशाळेत येऊन बसावं. माती उठताबसता खोटं बोलते. नमुना नीट भिजला नसेल तर आत अडकलेली हवा पाण्याची वाट अडवते आणि रेताड माती चिकणमातीचा आव आणते. नमुना घेताना हात हलला तर माती आणि लोखंडी कडं यांच्यामध्ये केसाएवढी फट पडते, पाणी तिथून पळ काढतं आणि चांगली घट्ट माती चाळणी ठरते. माझी नोकरी म्हणजे मातीची उलटतपासणी. ती करून करून माझा स्वभावही तसाच झालाय, असं घरचे म्हणतात. ते तक्रार म्हणून सांगतात, मी कौतुक म्हणून ऐकते.

आमचं कृषी महाविद्यालय लाखनीच्या पुढे, हमरस्त्याला लागून आहे. दिवसभर ट्रकांची घरघर चालते. माती तपासायची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला आहे म्हणून बरं. तिथे आम्ही दोनच गोष्टी मोजतो. माती पाणी किती धरून ठेवते आणि किती वेगाने खाली सोडते. हे ऐकून पाहुणे 'बस, एवढंच?' असं तोंड करतात. भंडारा जिल्ह्यात राहून, दोन्ही वेळा भात खाऊन असं तोंड करणाऱ्याला मी चहा विचारत नाही.

मोना आली ती धानकापणी आटोपल्यावर. तिशीच्या आतबाहेरची, बारीक अंगाची, पंजाबी ड्रेसवर नवऱ्याचा जुना शर्ट घातलेली. खुर्ची दिली तरी बसली नाही. पवनीच्या बाजूला तिचं गाव. नवरा मंगेश चिखल्याच्या मँगनीज खाणीवर गाडी चालवतो आणि सुट्टी मिळाली की घरी येतो. सासरे वासुदेवराव वारल्यापासून शेती मोनाच बघते. घरात ती आणि सासू ललिताबाई, दोघीच. लग्नाआधी तिने कृषी पदविका केलेली आहे, हे तिने सगळ्यात शेवटी आणि खाली बघून सांगितलं, जणू चोरीचा माल दाखवत होती.

तिची हकीकत अशी. गावाच्या लहान तळ्याला, म्हणजे बोडीला, लागून खालच्या अंगाला त्यांची एक बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, आहे. घरातली सगळ्यात चांगली. वासुदेवरावांच्या हयातीत आजूबाजूची शेतं भेगाळली तरी या बांधीत पाणी उभं असायचं. ते गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मोनाने ट्रॅक्टरला पलटी नांगर लावून ती बांधी खोल नांगरून घेतली. पदविकेच्या पुस्तकात उन्हाळ्यात खोल नांगरट करावी असं छापलेलं आहे. छापलेलं खरंच आहे, पण ते कापसापुरतं आणि तुरीपुरतं. त्या पावसाळ्यात बांधीत संध्याकाळी भरलेलं पाणी सकाळी नसायचं. यंदाही तेच झालं. वर बोडी तुडुंब आणि खाली धान पिवळं.

धानाच्या बांधीला तळ असतो. तो वरून दिसत नाही. वीतभर मऊ माती आणि तिच्याखाली एक घट्ट थर. वर्षानुवर्षं पाण्यात चिखल करताना बैलांच्या खुरांनी, माणसांच्या टाचांनी आणि लाकडी नांगराने दाबून दाबून तो बसलेला असतो. त्याच्या जोरावर पाणी वर उभं राहतं. कापूसवाल्याला हा थर वैरी वाटतो, कारण मुळं त्यावर अडतात. धानवाल्याचं सगळं घर त्याच्यावर उभं असतं. हे मोनाला नंतर कळलं, आणि कळलं तेव्हापासून तिला झोप नाही.

गावाने नाव ठेवायला वेळ लावला नाही. शिकलेल्या सुनेनं बांधी भोकाडली, असं पाणवठ्यापासून पानठेल्यापर्यंत सगळीकडे झालं. पण तिला गावाचं एवढं लागलं नव्हतं.

"आत्याबाई काहीच म्हणत नाही, मॅडम," सासूबद्दल ती म्हणाली. "शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं. पहिले दिवसातून दोनदा त्या बांधीवर चक्कर मारत होत्या. आता दोन सालं झाली, पाय नाही ठेवला त्याच्यात. मामाजीची बांधी होती ते."

मग मुद्द्यावर आली. दोष खरंच तिच्या नांगराचा आहे का, की बोडीची पाळ झिरपतेय, की धुऱ्याला, म्हणजे बांधाला, खेकड्यांनी बिळं पाडलीत, हे तिला नक्की जाणून घ्यायचं होतं. मंगेशला खाणीच्या कॉलनीत दोन खोल्या मिळाल्या होत्या. तो कधीचा बोलावत होता.

"मी तोडलं असंन तं मी कॉलनीत जातो राहाले. शेतीले हात नाही लावत. त्याइच्या डोळ्यासमोर नाही राहवत आता मले."

मी तिला साफ सांगितलं की इथे जे निघेल ते निघेल, कोणाच्या मनासारखं निघत नाही. तिने मान हलवली. तिला तेच हवं होतं, निदान तेव्हा तरी तसं वाटलं.

मी तिला कडी दिली. मुठीत मावतील एवढी, दोन्ही बाजूंनी उघडी, लोखंडी. नमुना घ्यायचा म्हणजे माती जशी आहे तशी, न हलवता, न मोडता उचलायची. खड्डा करून त्या घट्ट थरापर्यंत जायचं, कडं ठेवायचं, वर लाकडाचा ठोकळा ठेवून हळू ठोकायचं, मग आजूबाजूने खणून कडं मातीसकट बाहेर काढायचं आणि दोन्ही तोंडं सुरीने सपाट कापून झाकणं लावायची. महाविद्यालयाच्या शेतात मी तिच्याकडून ते पुन्हा पुन्हा करून घेतलं. तिचा हात चांगला होता. काही नमुने बोडीखालच्या बांधीतले घ्यायचे आणि तेवढेच शेजारच्या, ट्रॅक्टर न शिरलेल्या बांधीतले, म्हणजे ताडून बघता येईल. दोन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत ठेव, म्हणून बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती आली, दोन्ही पिशव्या मांडीवर घेऊन, धक्का लागू नये म्हणून सगळ्या रस्ताभर त्यांना धरून बसलेली. आमचा प्रयोगशाळा परिचर तुलाराम तिच्या हातातून पिशवी घ्यायला गेला तर तिने दिली नाही.

कड्यांच्या खालच्या तोंडाला फडकं बांधून ती उथळ पाण्याच्या ट्रेमध्ये उभी करायची असतात. पाणी खालून हळूहळू वर चढतं आणि जाताना आतली हवा बाहेर ढकलतं. वरचा पृष्ठभाग ओला काळा झाला की नमुना भिजला. झाकणं काढून फडकी बांधायचं काम तुलारामने केलं, आणि ते त्याने नेहमीप्रमाणे रेडिओवरच्या गाण्याला साथ देत केलं. त्याने तळाकडे बघितलं असतं तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण तुलाराम बायकोकडेसुद्धा नीट बघत नाही असं त्याची बायको म्हणते.

शेजारच्या बांधीची कडी दुसऱ्या दिवसापर्यंत काळी झाली. बोडीखालची कोरडीच. आणखी थांबलो. तरी कोरडी.

"हिले तहानच नाही," तुलाराम म्हणाला.

मी शेवटी वरून पाणी लावलं. कड्याच्या वर पाण्याची उंची कायम ठेवायची आणि खाली किती टपकतं ते मोजायचं, एवढी साधी रीत आहे ती. शेजारच्या बांधीतून थेंब पडू लागले, सावकाश, घट्ट थरातून पडावेत तसे. बोडीखालच्या कड्यांखाली मोजपात्र कोरडं ठणठणीत राहिलं.

मोना त्या दिवशी आली होती. तिने ते कोरडं पात्र बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. तळ शाबूत आहे का, असं तिने इतक्या हळू विचारलं की मला ते ओठांवरून कळलं. मी म्हटलं, आकडा तरी तसं सांगतो.  ती व्हरांड्यात गेली आणि मंगेशला फोन लावून हसू लागली. एवढ्या दिवसांत मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. मला फार बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणूनच मी सावध झाले.

कारण हिशेब जुळत नव्हता. ट्रॅक्टर न शिरलेल्या बांधीतून थेंब पडतात आणि नांगरलेल्या बांधीतून एकही नाही? तळ इतका घट्ट असेल तर दोन पावसाळ्यांचं पाणी गेलं कुठे? मी हे मोनाला विचारलं. तिच्याकडे उत्तरं तयार होती, खेकडे, उंदीर, बोडीची पाळ. माणसाला हवं ते मिळालं की कारणं आपोआप सुचतात. ती बसला गेल्यावर मी एक कडं उचललं, उलटं केलं आणि फडकं सोडलं.

आधी वास आला. ओल्या शेणाचा. तुलाराम लांबून म्हणाला की मॅडम, आपल्या खोलीत ढोर शिरलं का. कड्याच्या तळाला कापलेल्या मातीची खरबरीत कड दिसायला हवी होती. तिथे गुळगुळीत, एकसारखा, बारीक भुसा मिसळलेला लेप होता, आणि त्यावर बोटांच्या शेजारी शेजारी गेलेल्या वळणदार रेघा. दुसरं कडं बघितलं, तिसरं बघितलं. सगळी सारवलेली. शेण आणि पिवळी माती इतकी सुंदर मळून बसवली होती की वर चढायला पाण्याची काय बिशाद.

मला राग आला तो सांगता येत नाही. माझ्या प्रयोगशाळेत आजवर पोरांनी आकडे लांबवले, वजनकाट्यावर डबे खाल्ले, पण नमुना सारवून आणायची मजल कोणी मारली नव्हती. आणि जिच्यासाठी मी माझ्या रजेच्या दिवशी येऊन बसले, तिनेच हे करावं? मी फोन करून तिला बोलावलं आणि ती दारात पाय ठेवत नाही तोच बोलायला सुरुवात केली. फसवायचंच होतं तर घरी बसून फसवायचं, इथे कशाला आलीस, तुझ्या समाधानासाठी मातीचा बळी कशाला, असं बरंच काही बोलले.  मी तिच्यासमोर कडं आपटलं, तेव्हा तिने ते उचलून खिडकीशी नेलं आणि लेपावरच्या रेघांवरून आपलं बोट फिरवलं. मग उलट्या बाजूने फिरवलं.

"हे आत्याबाईचं सारवण आहे," ती म्हणाली. "त्या डेबऱ्या हातानं सारवते. वळण उलटं जाते त्याइचं."

सासूबाई डावखुऱ्या. माझा राग तिथेच लटकत राहिला, त्याला उतरायला जागा मिळेना. मोना आठवून आठवून सांगू लागली. आदल्या संध्याकाळी दोन्ही पिशव्या सपरीत, म्हणजे घराच्या ओसरीत, ठेवल्या होत्या. ललिताबाईंनी विचारलं की याचं काय होते. मोनाने सांगितलं, याच्यातून पाणी खाली गेलं तर बांधी माझ्या नांगराने फुटली, नाही गेलं तर नाही. बोडीखालची पिशवी कोणती, तेही दाखवलं. सकाळी मोना आंघोळीला गेली, तेवढ्यात सासूबाई अंगण सारवत होत्या. शेणाची पाटी हाताशी होतीच.

असं करण्याचं कारणही मोनानेच शोधलं. सासऱ्यांनी जन्मभर राखलेली बांधी फुटली असं कुठे सरकारी कागदावर यायला नको, म्हणून. दुसरं काय असणार. हे सांगताना तिचा चेहरा पहिल्या दिवसासारखा झाला. मला त्या कारणात काहीतरी खटकलं, पण सासवांची उलटतपासणी करायचं यंत्र माझ्याकडे नाही.

नमुने मी स्वतः घ्यायचं ठरवलं. दोन दिवसांनी तुलारामला घेऊन त्यांच्या गावी गेले. ललिताबाई ठेंगण्या, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेल्या, कपाळावर गोंदण. त्यांनी चहा केला, मुरमुरे पुढे केले, आणि कडी पुन्हा कशाला हवीत हे विचारलं नाही. मीही लेपाबद्दल बोलले नाही. मोना पुढे होऊन खड्डा करायला गेली, तुलाराम तिच्या मागे, आणि आम्ही दोघी बोडीच्या पाळीवरून चालत बांधीपर्यंत आलो. धुऱ्यावर येऊन त्या थांबल्या. कापलेल्या धानाच्या खुंटांमध्ये मी उतरले, त्या उतरल्या नाहीत.

मी म्हटलं, या ना. त्यांनी मान हलवली. मग मोना लांब आहे याची खात्री करून हळूच बोलल्या.

"मी त्याच्यात पाय टाकला का तिले वाटते, बुढी तपासाले आली. तिचं तोंड उतरते मंग. म्हून नाही जात मी."

मी म्हटलं, हे तिला सांगा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला.

"हे काय सांगाची गोष्ट हाये काय, बाई?"

मला तिथे धुऱ्याशी उभं राहून भरून आलं. एक बाई दोन वर्षं आपल्या सर्वांत आवडत्या जागेवर पाय ठेवत नाही, दुसरीला टोचू नये म्हणून. आणि ती दुसरी दोन वर्षं तेच बघून रोज टोचून घेते. मी तोंडाळ खरी, पण दोघींच्या मधला हा निरोप मी नेऊन पोहोचवणं बरोबर नव्हतं. मी फक्त एवढं म्हटलं की पाणी लावायच्या दिवशी तुम्ही मोनासोबत या, समोर बसून बघा. त्यांनी विचारलं, मी आली तं चालंन का. मी म्हटलं, तुम्ही यायलाच पाहिजे.

या खेपेला बोडीखालची कडी ट्रेमध्ये ठेवल्याबरोबर पाणी पिऊ लागली. दुपारपर्यंत काळी झाली. शेजारची दुसऱ्या दिवशी. मला तिथेच उत्तर कळलं होतं. तरी मी दोन्ही बांध्यांची थोडी माती दुसऱ्या यंत्रातही लावून ठेवली. ते जाड बुडाचं, बोल्ट आवळायचं भांडं आहे. पोरं त्याला कुकर म्हणतात. आत मातीच्या भाजलेल्या तबकडीवर भिजलेले नमुने ठेवून वरून हवेचा दाब द्यायचा, आणि इतक्या दाबाखाली माती किती पाणी सोडते नि किती धरून बसते ते वजनाने काढायचं. वाईट बातमी द्यायची असेल तर तिच्यासोबत द्यायला दुसरं काहीतरी हातात असावं, असं मला वाटलं. माझ्या स्वभावाला हे नवीन होतं.

दोघी सकाळच्या बसने आल्या. ललिताबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं, दवाखान्यात जायला नेसतात तसं. मी त्यांना टेबलाशी खुर्ची दिली. मोना भिंतीला टेकून उभी राहिली. तुलारामने त्या दिवशी रेडिओ बंद ठेवला.

मी आधी शेजारच्या बांधीच्या कड्यावर पाणी लावलं. बराच वेळ गेला, मग थेंब आला. मग पुन्हा बराच वेळ. ललिताबाई एकेका थेंबाला मान हलवत होत्या. मग मी बोडीखालच्या कड्यावर पाणी लावलं. ते थांबलंच नाही. थेंबाची धार झाली आणि मोजपात्र डोळ्यांदेखत भरत गेलं. मी घड्याळ लावलं होतं, पण आकडा सांगायची गरज राहिली नाही. खोलीत तेवढाच आवाज होता.

"मीनंच फोडली," मोना म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. दोन वर्षं थकवणारं ओझं खाली ठेवल्यावर माणूस बोलतो तसा. "आता खात्री झाली. मंगेशले सांगतो, खोल्या घे म्हणून."

ललिताबाई पात्राकडेच बघत होत्या.

"मीनं लिपलं होतं ते," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे मले. मामाजीची बांधी बदनाम होईन म्हणून लिपलं तुमी."

"बांधी कायची बदनाम होते व?" ललिताबाईंनी मान वळवली. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "तू सपरीत फोनवर म्हनत होती मंगेशले. पानी खाली गेलं तं मी येतो म्हून. मी आयकलं. मंग मीनं पानी जाऊच नाही देलं."

मोना भिंतीपासून सुटली, पण पुढे आली नाही. ललिताबाईंना एकदा सुरुवात झाल्यावर थांबता येईना. बांधी फुटली तं फुटली, त्या म्हणाल्या. ज्याइनं केली ते गेले. ते गेल्यावर ललिताबाईंचं जेवण सुटलं होतं, तेव्हा ताट घेऊन मागे मागे फिरणारी ही होती. तापात ओल्या फडक्यानं अंग पुसणारी ही होती. त्या बांधीनं एक दिवस तरी पानी आणून पाजलं काय त्यांना? हे त्यांनी मला उद्देशून विचारलं, जणू मी बांधीची वकील होते. मग त्या मोनाकडे वळल्या.

"तुले जाचंच असंन तं जा. पन मले एकटीले टाकून नोको जाऊ. बांध्या ठेक्यानं देऊ, घराले कुलूप लावू. मी तुह्यासंगं कालनीत येईन."

मोना येऊन त्यांच्या खुर्चीशी जमिनीवर बसली. 

"तिथं दोनच खोल्या आहेत, आत्याबाई," ती म्हणाली.

"मले किती जागा लागते?"

मग मोना रडली. दोन वर्षं गावाचं ऐकून, पिवळं धान बघून जी रडली नव्हती, ती माझ्या टेबलाशी जमिनीवर बसून सासूच्या मांडीत तोंड खुपसून रडली. ललिताबाई डाव्या हाताने तिच्या पाठीवर थोपटत राहिल्या आणि उजव्याने आपले डोळे पुसत राहिल्या. तुलाराम चहा आणतो म्हणून जो गेला तो कॅन्टीनमध्येच बसला. मला माझ्या नाकाडोळ्यांचा भरवसा वाटेना म्हणून मी उठून कुकरचे बोल्ट सोडायला घेतले.

बऱ्याच वेळाने मोनाने मला विचारलं की हा तळ पुन्हा बसतो का. मी म्हटलं, बसतो. कुकरमधले नमुने तिच्या समोर ठेवले. माती तीच आहे, मी म्हटलं, पाणी धरायची तिची ताकद तुझ्या शेजारच्या बांधीएवढीच आहे, जराही उणी नाही. नांगराने तिचा थर मोडला, तिचा गुण नाही मोडला. पाण्यात चांगला चिखल करायचा, बैल घालायचे, पाय घालायचे, ट्रॅक्टर धुऱ्याच्या आत येऊ द्यायचा नाही. एका पावसाळ्यात होणार नाही. चार, पाच, कदाचित जास्त. दरवर्षी थोडं थोडं पाणी जास्त टिकेल. खोटी आशा मी दिली नाही, मला ती देता येत नाही.

"चार-पाच," ललिताबाई पुटपुटल्या. त्या मनात काहीतरी मोजत होत्या. त्यांच्या वयाला हा आकडा मोठा होता हे मला बोलून झाल्यावर कळलं. मोनाला बहुधा त्याच वेळी कळलं. तिने सासूच्या तोंडाकडे पाहिलं, त्यांच्याच पदराने ते पुसलं, मग स्वतःचं पुसलं आणि शर्टाच्या खिशातून फोन काढला.

ती व्हरांड्यात गेली नाही. तिथेच, जमिनीवर बसल्या बसल्या, एक हात ललिताबाईंच्या गुडघ्यावर ठेवून तिने मंगेशला फोन लावला. पलीकडे गाडीचा आवाज येत होता. काय निघालं, असं त्याने विचारलं असावं.

"पाणी गेलं," मोना म्हणाली. "भळभळा गेलं. आन मी नाही येऊन राहिली."